अनुभव धागा : अमेरिकेतील सार्वजनिक जमिनींवरचा विनामूल्य तंबूमुक्काम

तंबू घेऊन राहायला जायचे म्हटले की अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी माणसाला प्रथम आठवते ते नॅशनल पार्कमधले, क्रमांक घातलेले आणि कित्येक महिने आधी आरक्षित करावे लागणारे कॅम्पग्राउंड. या देशात अशीही अफाट जमीन आहे की जेथे आरक्षण नाही, भाडे नाही आणि कसली सोयही नाही, हे मला येथे येऊन सात वर्षे होईपर्यंत कोणी सांगितले नव्हते. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बोलण्यातले बीएलएम, या केंद्रीय खात्याकडे सुमारे २४.५ कोटी एकर आणि नॅशनल फॉरेस्ट सांभाळणाऱ्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे सुमारे १९.३ कोटी एकर जमीन आहे. आपला अख्खा महाराष्ट्र साधारण ७.६ कोटी एकरांचा आहे, यावरून विस्ताराचा अंदाज यावा. यातल्या बऱ्याच जमिनीवर, स्थानिक कार्यालयाने मनाई केलेली नसेल तर, कोणीही फुकट तंबू ठोकून राहू शकतो. एका ठिकाणी राहण्याची मर्यादा बहुधा चौदा दिवसांची असते. नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट या नावांतल्या साधर्म्याने मात्र पुष्कळांची गल्लत होते, कारण ही मोकळीक पार्कमध्ये नसते, ती फॉरेस्टमध्ये असते.

तेथे नळ नसतो, संडास नसतो, कचरापेटी नसते आणि फोनला रेंजही क्वचितच असते. त्यामुळे अशा मुक्कामाची खरी माहिती नकाशापेक्षा अनुभवातून मिळते, म्हणून हा धागा काढत आहे. जागेचा नेमका ठावठिकाणा कृपया देऊ नये, कारण एकदा पत्ता सर्वतोमुखी झाला की त्या कोपऱ्याचे काय होते हे मी पाहिले आहे. परिसर सांगितला तरी पुरे. काय चुकले आणि पुढच्या वेळी काय बदलले, ते मात्र हातचे न राखता लिहावे. सुरुवात माझ्यापासून करतो.

डेन्व्हर, कोलोराडो

आमचा पहिला मुक्काम नॅशनल फॉरेस्टमध्ये सुमारे दहा हजार फुटांवर, एका ओढ्यापासून पुरेशा अंतरावर होता. पत्नीने घरून तांदूळ, तुरीची डाळ, गोडा मसाला आणि तुपाची छोटी बरणी असा नेटका शिधा बांधून घेतला होता. संध्याकाळी सहा वाजता डाळ पातेल्यात चढवली, आठ वाजता गॅसचा एक डबा संपला आणि तरीही डाळीचा दाणा बोटांनी दाबला तर मधून टणकच लागत होता. त्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळते, त्यामुळे ते कितीही खळखळले तरी त्याचा ताव वाढत नाही, हे शाळेत शिकलेले असूनही शिधा बांधताना आठवले नव्हते. सहा वर्षांची मुलगी तूप-भात आणि मीठ एवढ्यावर झोपली. तो भातही पुरता शिजलेला नव्हता. तेव्हापासून आम्ही दोन लिटरचा छोटा कुकर नेतो आणि तुरीऐवजी सकाळपासून भिजवलेली मूगडाळ.

ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी तसेच पिऊ नये. जियार्डिया नावाचा परजीवी पहाडी ओढ्यांतही असतो आणि त्याने होणारे जुलाब आठवडे-आठवडे पिच्छा सोडत नाहीत. साडेसहा हजार फुटांच्या वर पाणी उकळी आल्यापासून तीन मिनिटे तरी उकळत ठेवावे. याशिवाय निघण्यापूर्वी त्या फॉरेस्टच्या कार्यालयातून वाहनमार्गांचा नकाशा अवश्य घ्यावा. तो फुकट मिळतो आणि कोणत्या कच्च्या रस्त्याच्या कडेला गाडी लावून राहता येते, हे त्यावर कळते.

फिनिक्स, ॲरिझोना

मी आणि माझा थोरला भाऊ ऑक्टोबरात दक्षिण युटामधल्या ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे भागात गेलो होतो. तेथे मुक्कामासाठी परवाना लागतो, पण तो फुकट असतो. तो घेताना माहिती केंद्रातल्या बाईंनी दोनदा बजावले होते की कॉटनवुड कॅन्यनचा रस्ता पाऊस पडला की चालू नाही असेच समजा, मग गाडी कोणतीही असो. आकाश निरभ्र होते, म्हणून आम्ही निघालो.

रात्री अडीचच्या सुमारास तंबूवर थेंब वाजू लागले आणि पहाटेपर्यंत पाऊस पडत राहिला. सकाळी दादाने गाडी जेमतेम वीस फूट पुढे घेतली असेल, तेवढ्यात चारही चाकांवर मातीचा एवढा जाड थर चढला की टायरची नक्षीच दिसेना. आपल्याकडची काळी माती चिकटते हे ठाऊक आहे, पण ही माती निराळी आहे. ओल्या शाडूवर तेल सांडावे तशी ती एकाच वेळी चिकटतेही आणि घसरतेही. गाडी आडवी होऊन कडेच्या चरात उतरली. भाड्याच्या गाडीच्या करारात डांबरी रस्ता सोडण्यास मनाई होती, ते कलम आम्ही रस्त्यात अडकल्यावर वाचले. गाडी ओढून काढण्याचा खर्च आमच्याच माथी येणार होता.

दुपारी त्या भागात गुरे चारणारे एक वयस्क गृहस्थ घोड्यावरून आले. बीएलएमच्या जमिनीवर ठरावीक शुल्क भरून गुरे चारण्याची पद्धत १९३४ च्या कायद्यापासून आहे, त्यामुळे ज्याला आपण ओसाड रान समजतो तेथे कोणाचा तरी रोजचा धंदा चाललेला असतो. त्यांनी आम्हाला एकच गोष्ट सांगितली : उद्या दुपारपर्यंत गाडीला हात लावू नका, ऊन लागले की रस्ता आपोआप सोडेल, आणि ओल्यात चाके फिरवलीत तर पडलेल्या खड्ड्यांचा त्रास वर्षभर आम्हाला होईल. जाता जाता त्यांनी आम्ही उघडे टाकलेले तारेचे फाटकही दाखवले. फाटक ज्या स्थितीत सापडेल त्याच स्थितीत मागे सोडायचे असते, हा तिकडचा पहिला शिष्टाचार आम्हाला माहीतच नव्हता. दादा तीन मैल चालत जाऊन ते लावून आला.

आमच्याजवळ पाच गॅलन, म्हणजे एकोणीस लिटर पाणी होते, म्हणून ते तीस तास शांतपणे निघाले. माणशी दिवसाला एक गॅलन आणि त्यावर दोन दिवसांचे जादा, हा हिशेब आम्ही आता मोडत नाही. तंबूही आम्ही सपाट, मऊ वाळूच्या कोरड्या पात्रात न लावता कडेच्या उंचवट्यावर लावला होता. त्या रात्री त्या पात्रातून गढूळ पाणी वाहून गेल्याच्या खुणा सकाळी दिसल्या आणि काही वेळ दोघांनाही बोलवेना.

अकोले, महाराष्ट्र (मुक्काम सध्या मुलाकडे, ॲरिझोनात)

माझे वय सहासष्ट आहे. मुलाने मे महिन्यात फ्लॅगस्टाफजवळच्या कोकोनिनो नॅशनल फॉरेस्टमध्ये दोन रात्रींचा बेत केला, तेव्हा सर्वांत मोठी काळजी त्याला माझ्या संडासची होती आणि ती बोलून दाखवायला तो संकोचत होता. मी हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या मुलखात वाढलेली बाई. महाविद्यालयात असताना देवळाजवळच्या गुहेत आम्ही मुलींनी रात्री काढलेल्या आहेत, आणि घरात संडास आला तेव्हा मी सातवीत होते. त्यामुळे बहिर्दिशेला जाण्याचे मला नवल नव्हते. नवल वाटले ते येथल्या नियमांच्या काटेकोरपणाचे. पाणी, पायवाट आणि तंबू या तिन्हींपासून दोनशे फूट दूर जायचे. माझी ती शंभर पावले होतात. खुरप्याने सहा ते आठ इंच खोल खड्डा खणायचा, कारण जमिनीच्या वरच्या थरातच मैला कुजवणारे जीव असतात, आणि नंतर तीच माती लोटून वर पालापाचोळा सारायचा. ज्यांना कागद लागतो त्यांनी तो पिशवीत बांधून परत न्यायचा असतो. आपण पाणी वापरणाऱ्यांना तेवढी तरी सोय आहे. मुलाने सांगितले की वाळवंटी भागात मातीत हे जीव फार कमी असल्याने काही ठिकाणी मैलासुद्धा खास पिशवीत भरून बाहेर न्यावा लागतो. आमच्या गावच्या ओढ्याकाठी लहानपणी जे पाहिले, ते आठवून मला हे नियम फार पटले.

वणव्याच्या भीतीने तेव्हा शेकोटीला पूर्ण बंदी होती. झडप फिरवून विझवता येईल एवढ्या गॅसच्या शेगडीलाच परवानगी होती. थंडी मात्र आपल्या पौषातली वाटावी अशी होती. सुनेने आल्याचा चहा केला, मुलाने आपली जाड शाल माझ्या खांद्यावर टाकली आणि आम्ही दिवे मालवून बसलो. तेथली उंच पाइनची झाडे दिवसभर उन्हात तापली की त्यांच्या खोडाला गोडसर, व्हॅनिलासारखा वास येतो. खोडाच्या भेगेला नाक लावून तो घ्यावा लागतो. फ्लॅगस्टाफ हे शहर अंधार जपण्यासाठी प्रसिद्ध आहे आणि २००१ मध्ये जगातले पहिले आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय’ शहर म्हणून त्याला मान्यता मिळाली, असे मुलाने सांगितले. मी डोके वर केले तर सप्तर्षी माथ्यावर होते आणि वसिष्ठाशेजारची अरुंधती मला चष्म्यातून चक्क वेगळी दिसली. लग्नात भटजींनी दाखवली होती, त्यानंतर ती अशी दिसली नव्हती.

ह्यूस्टन, टेक्सास

पश्चिमेकडचे अनुभव वाचून टेक्सासकरांनी हुरळून जाऊ नये, कारण आमच्या राज्यातली बहुतेक जमीन खाजगी आहे आणि कुंपण ओलांडणे येथे गंभीर समजले जाते. आम्हाला जवळ आहे ते सॅम ह्यूस्टन नॅशनल फॉरेस्ट. तेथे विनामूल्य राहता येते, पण हरणांच्या शिकारीच्या हंगामात रानात कोठेही तंबू लावता येत नाही, नेमून दिलेल्या ठिकाणीच राहावे लागते. तारखा आधी पाहाव्यात, आणि त्या दिवसांत पायी फिरायचे असेल तर भडक नारिंगी जाकीट घालावे. मुलांनाही घालावे.

एडिसन, न्यू जर्सी

आम्ही न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरोंडॅक भागात जातो. ही जमीन केंद्राची नसून राज्याची आहे आणि ती कायम रानच राहील, अशी तरतूद १८९४ पासून राज्याच्या घटनेतच आहे. तेथे रस्ता, पायवाट आणि पाणी यांपासून दीडशे फूट आत, किंवा झाडावर ‘येथे राहा’ अशी खुणेची चकती लावलेली असेल तेथे, तंबू लावता येतो. तीन रात्रींहून अधिक राहायचे असेल किंवा दहा वा अधिक माणसे असतील, तर रेंजरकडून परवाना घ्यावा लागतो.

आमच्या मंडळातली बारा माणसे निघाली, तेव्हा कोणीतरी सुचवले की सहा-सहाचे दोन गट दाखवू, कोण मोजायला येते? मला ते आवडले नाही. मी रेंजरना फोन केला आणि त्यांनी पाच मिनिटे नीट बोलून आमच्यासारख्या गटासाठी योग्य जागा सुचवली. तो फोन केला नसता तर ते तळे आम्हाला आयुष्यात सापडले नसते. जूनच्या सुरुवातीला मात्र तेथे जाऊ नये. काळ्या चावऱ्या माश्यांनी कानामागे आणि मानेवर जे फोड उठवले, ते दहा दिवस खाजत होते. अस्वलांचा वावर असल्याने शिधा, टूथपेस्ट आणि साबण हे सारे घट्ट झाकणाच्या डब्यात भरून तंबूपासून दूर ठेवावे लागते. एका काकूंनी रात्री लागलीच तर म्हणून उशाशी ठेवलेला बेसनाचा लाडूही आम्ही बाहेर काढायला लावला.

मिनिॲपोलिस, मिनेसोटा

मी स्त्री आहे आणि एकटी गेले होते. साउथ डकोटातल्या बॅडलँड्स नॅशनल पार्कला लागून बफेलो गॅप नॅशनल ग्रासलँड, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसकडचे गवताळ रान आहे. तेथे कड्याच्या काठावर गाडी लावून राहता येते आणि समोर मैलोन् मैल सुळके दिसतात. झाड एकही नाही, आडोसा नाही. वाऱ्याने तंबूची एक काठी वाकली, तेव्हा मी तंबू आवरून गाडीतच झोपले.

मध्यरात्री एका गाडीचे दिवे माझ्या काचेवर आले आणि तेथेच थांबले. ती दोन मिनिटे मी विसरणार नाही. नंतर दिवे वळून निघून गेले. बहुधा तेही जागाच शोधत असावेत. तेव्हापासून मी गाडीचे तोंड नेहमी बाहेरच्या रस्त्याकडे ठेवते, किल्ली हाताशी असते, उजेडी पोहोचते, आणि मनाला पटले नाही तर कारण न शोधता निघते. ताईकडे माझ्या मुक्कामाचा परिसर आणि परतण्याची वेळ लिहून ठेवलेली असते. पहाटे साडेचारला त्या सुळक्यांवर आलेला पहिला उजेड मी एकटीने पाहिला, आणि त्यानंतर दर वर्षी जाते.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

माउंट व्हिटनीच्या पायथ्याशी लोन पाइन गावाजवळ अलाबामा हिल्स आहेत. गोल, लालसर खडकांचा आणि मागे बर्फाच्या रांगेचा हा परिसर बीएलएमकडे आहे. मी प्रथम गेलो तेव्हा हवी तेथे गाडी लावून राहता येत असे. पुढे छायाचित्रांतून तो सर्वांना माहीत झाला. दर खेपेला नवी चाकोरी दिसे, चाकांखाली चिरडलेली झुडपे दिसत, खडकांच्या आडोशाला कागद आणि विझवलेल्या शेकोट्यांत फुटकी काच. एका नोव्हेंबरात आम्ही चौघांनी दोन तासांत तीन मोठ्या पिशव्या भरल्या.

२०१९ मध्ये त्या भागाला राष्ट्रीय निसर्गसौंदर्य क्षेत्राचा दर्जा मिळाला, आणि आता तेथे ठरवून दिलेल्या जागांवरच, विनामूल्य परवाना घेऊन राहावे लागते. ज्या खडकाला टेकून आम्ही पहिल्या वर्षी चूल मांडली होती, तेथे आता दगडांची रांग आणि एक लाकडी खुंट आहे. मला आधी वाईट वाटले. गेल्या वसंतात मात्र त्या रांगेपलीकडे जुन्या चाकोरीत बोटभर उंचीची झुडपे उगवलेली पाहिली. मुलगा वाकून बघत होता, त्याने विचारले, ‘बाबा, आपण येथेच राहिलो होतो ना?’ आम्ही नेमून दिलेल्या जागेवर गाडी लावली आणि तंबू बाहेर काढला.