मदत हवी आहे: ग्रॅहम्सची 20 वर्षांची टॉनी पोर्ट, चव कशी घ्यावी?

द्राक्षवेडा
पोर्तुगालमधल्या ग्रॅहम्स या पोर्ट वाइनच्या घराण्याची 20 वर्षांची टॉनी, म्हणजे लाकडी पिंपात मुरवलेली पोर्ट, 750 मिलीची एक बाटली आहे. शनिवारी सहाजण चव घेणार आहोत. गोव्यात 'पोर्ट वाइन' म्हणून मिळणारी गोड लाल वाइन सगळ्यांच्या ओळखीची, पण ही कुणीच प्यायलेलं नाही. डिकँट करावी (गाळ मागे ठेवून दुसऱ्या भांड्यात ओतावी) लागते का? मुंबईच्या उकाड्यात किती गार करायची? उरली तर किती टिकेल? मागच्या लेबलवर बाटलीत भरल्याचं साल 2019 दिलंय, म्हणजे द्राक्षं 1999 ची धरायची का? घराण्याबद्दलही कुणी लिहिलं तर बरं होईल.

पिंपवाला
आधी सालाचं. द्राक्षं 1999 ची नाहीत, निदान सगळी तरी नाहीत. 20 हा आकडा शैलीचा आहे. वेगवेगळ्या सालांची, कमी-जास्त वयाची पिंपं मिसळून ब्लेंड बांधतात आणि आयव्हीडीपी ही पोर्तुगालमधली पोर्ट वाइनची नियामक संस्था चाखून ठरवते की हे 20 वर्षांच्या टॉनीला शोभतं की नाही. एकाच सालाची टॉनी हवी असेल तर लेबलवर 'कुल्येइता' शोधा. ती किमान 7 वर्षं लाकडात असते.

2019 हे साल मात्र कामाचं. टॉनीचं मुरणं लाकडातच होतं, साधारण 550 लिटरच्या 'पीपा'मध्ये, फटींतून झिरपणाऱ्या हवेवर. बाटलीत गेली की सुधारणा थांबते, पुढे फक्त ताजेपणा कमी होतो. विंटेज पोर्टचा (एकाच सालाची, बाटलीत मुरणारी पोर्ट) नियम इथे लावून लोक बाटली कपाटात 'जपून' ठेवतात आणि हकनाक घालवतात. तुमची बाद झालेली नाही, पण आणखी ठेवू नका. तोवर उभी ठेवा; आडवी ठेवली तर एवढं अल्कोहोल बुचाला लागून राहतं.

डिकँट नको. गाळ पिंपातच राहिलेला असतो. बूच टोपीवालं आहे, हाताने पिळून निघतं.

गारव्याचं: 12 ते 14 अंशांवर प्यायची. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, ओतण्याआधी 20-25 मिनिटं बाहेर काढा. उरलेले दोन-तीन अंश ग्लासात चढतात. मुंबईच्या खोलीतल्या तापमानाला प्यायलात तर 20 टक्के अल्कोहोल नाकात जाईल, वर नुसता गुळाचा पाक लागेल. बर्फ मात्र ग्लासात टाकू नका.

60 मिलीचे बारा पेग निघतात, म्हणजे माणशी दोन. तोंडाशी निमुळता होणारा लहान वाइन ग्लास घ्या, शॉट ग्लास नको. पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघा: मध्ये विटकरी-पिंगट, कडेला सोनेरी हवा. न हलवता, नाक जरा लांब धरून वास घ्या. संत्र्याची वाळकी साल, अक्रोड, भाजलेले बदाम, सुकं अंजीर, कॅरॅमल असं काहीसं. मग लहान घोट, तोंडभर फिरवा. गोडी आधी येते. तिच्या मागोमाग आंबटपणा येऊन जीभ स्वच्छ करतो की नाही, हे बघा. चांगल्या टॉनीची खूण तीच. नुसती चिकट गोडी उरली तर एक तर ती कोमट आहे किंवा दमलेली.

दोउरुकाठ
घराण्याचं थोडक्यात. विल्यम आणि जॉन ग्रॅहम हे स्कॉटिश कुटुंबातले भाऊ, धंदा कापडाचा. 1820 मध्ये पोर्तुगालच्या पोर्तो शहरातल्या बुडीत उधारीपोटी पैशांऐवजी 27 पिंपं पोर्ट मिळाली, तिथून हा धंदा सुरू झाला. ग्रॅहम मंडळींची पेढी मुंबईतही होती, हे तुमच्या शनिवारला उपयोगी पडेल. 1890 मध्ये त्यांनी दोउरु खोऱ्यात तुआजवळ मालवेदुश हा मळा घेतला आणि त्याच वर्षी विला नोव्हा द गाया इथे गोदाम बांधलं. खोरं उन्हाळ्यात तापतं, समुद्राजवळचं गाया दमट-थंड. म्हणून पिंपं खाली आणून मुरवायची रीत पडली. अँड्र्यू जेम्स सिमिंग्टन 1882 मध्ये याच ग्रॅहमकडे नोकरीला आला. त्याच्या वंशजांनी 1970 मध्ये कंपनीच विकत घेतली!

द्राक्षवेडा
मनापासून आभार. सोबत बिबिंका आणि डार्क चॉकलेट ठरवलंय. आणि वास कसा आला तर बाटली खराब समजायची?

पिंपवाला
बिबिंका उत्तम, तिचे खरपूस थर आणि जायफळ टॉनीला धरून आहेत. साखर जरा बेताची असू द्या. पदार्थ वाइनपेक्षा गोड झाला की वाइन पातळ आणि आंबट लागते. गुलाबजाम याच कारणाने बाद. डार्क चॉकलेट रूबी (तरुण, लाल पोर्ट) किंवा विंटेजसाठी ठेवा, इथे खारे बदाम किंवा मुरलेलं कडक चीज घ्या.

ओल्या पुठ्ठ्याचा वास आला आणि फळाचा पत्ताच नसेल तर बुचाचा दोष, ती बाटली गेली. नेलपॉलिशची हलकी झाक जुन्या टॉनीत चालते. दुसरं काहीच जाणवत नसेल तर नाही.

उरलेली बूच घट्ट लावून, उभी, फ्रिजमध्ये. महिनाभर निर्धास्त राहा, दोन महिन्यांतही चालेल. पाव बाटलीच उरली असेल तर लहान बाटलीत काठोकाठ भरा, हवा कमी लागते.