मदत हवी आहे: हात लुळा पडला, वीस मिनिटांत ठीक झाला. उद्यापर्यंत थांबलं तर चालेल का?

किनारपट्टी:
वडील ६४ वर्षांचे, बीपीची गोळी रोज चालू, मिश्री लावतात. आज सकाळी साडेआठला उजव्या हातातून कप निसटला, ओठाची उजवी बाजू लोंबली, शब्द जड यायला लागले. वीस मिनिटांत सगळं पूर्ववत. आता बीपी १७८/१००. गाव गुहागर तालुक्यात, चिपळूण सव्वा तासावर. आज रविवार, नेहमीचे डॉक्टर उद्याच भेटतील. शेजारचे काका म्हणतात, एक अ‍ॅस्पिरिन आणि बीपीची एक जादा गोळी द्या. काय करू?

न्यूरोवाला:
आत्ता निघा. लक्षणं गेली म्हणजे धोका टळला असं अजिबात नाही. मेंदूच्या रक्तवाहिनीत बहुधा गुठळी अडकली आणि सुटली, म्हणून हात परत चालू झाला. ती जिथून आली ती जागा, मग मानेतली धमनी असो की हृदय, अजून तशीच आहे. याला टीआयए म्हणतात, आणि त्यानंतर मोठा झटका येण्याची भीती सर्वांत जास्त असते ती पहिल्या ४८ तासांत. तुमचा सोमवार त्यातच येतो.

अ‍ॅस्पिरिन घरी नको. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे नुसतं बघून कोणालाच सांगता येत नाही, त्याला सीटी स्कॅनच लागतो. रक्तस्राव असेल तर तीच गोळी घात करते. बीपीची जादा गोळीही नको. मेंदूला रक्त कमी पडतं तेव्हा वाढलेला दाबच ते कसंबसं पोचवत असतो. घरी तो एकदम उतरवला तर काठावर तग धरून असलेला भागही जातो. जिभेखाली गोळी ठेवून बीपी उतरवायचं तर कोणी कितीही सांगितलं तरी करू नका.

वॉर्डातून:
निघण्यापूर्वी दोन फोन करा. पहिला १०८ ला, ‘लकव्याची लक्षणं’ असं स्पष्ट सांगून. दुसरा रुग्णालयात: सीटी आत्ता सुरू आहे का, गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देतात का? नुसतं ‘आयसीयू आहे’ एवढ्यावर जाऊ नका. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठवण्यातच तास जातात.

सोबत सगळ्या गोळ्यांची पाकिटं घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधी सांगा. ग्लुकोमीटर असेल तर साखर बघा. ती ७० च्या खाली गेली तरी अशीच लक्षणं दिसू शकतात, तेव्हा आकडा १०८ वाल्यांना कळवा. तपासणी होईपर्यंत चहा-पाणी काही देऊ नका. गिळण्याचे स्नायू कमजोर असतील तर घोट श्वासनलिकेत जातो आणि पुढे न्यूमोनिया होतो.

वाटेत दर दहा मिनिटांनी बघा: हसायला सांगा, ओठ दोन्हीकडे सारखे वर जातात का. डोळे मिटून, तळवे वर करून दोन्ही हात समोर धरायला लावा आणि दहा अंक मोजा, एक हात खाली घसरतो का. ‘आज बाजारातून भाजी आणायची आहे’ हे म्हणायला सांगा. अचानक तोल जाणं, एका डोळ्यासमोर अंधारी येणं, एकाच वस्तूच्या दोन दिसणं हीसुद्धा लक्षणंच आहेत.

पुन्हा सुरू झालं तर शेवटचे पूर्ण ठीक कधी होते ती वेळ लिहून ठेवा. इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत तिथून मोजतात. माणूस झोपेतून लक्षणं घेऊनच उठला तर झोपायला गेला तेव्हाची वेळ धरायची. लोक इथेच चुकतात, उठल्याची वेळ सांगतात.

किनारपट्टी:
पोचलो. सीटीत रक्तस्राव नाही. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या २१ दिवस, नंतर एकच, असं सांगितलंय. पुढे काय विचारू?

न्यूरोवाला:
गुठळी आली कुठून, हे विचारा. मानेच्या धमन्यांचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, याच दोन-तीन दिवसांत व्हावा. उजव्या अंगाची लक्षणं मेंदूच्या डाव्या बाजूमुळे येतात, म्हणून डाव्या धमनीत ७० टक्क्यांहून जास्त अडथळा निघाला तर शस्त्रक्रियेचा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो. ईसीजी एकदा नीट आला म्हणून हृदय सुटत नाही. ठोके मधूनमधून अनियमित होत असतील तर होल्टर, म्हणजे ठोके सलग नोंदवणारं छोटं यंत्र, लावल्यावरच ते पकडता येतं. तसं निघालं तर अ‍ॅस्पिरिन पुरत नाही, औषध वेगळ्या गटातलं लागतं. एमआरआय, कोलेस्टेरॉल आणि तीन महिन्यांची साखर हेही विचारा.

वॉर्डातून:
घरी आल्यावर सगळ्यात मोठं काम बीपीचं. लक्ष्य डॉक्टर ठरवतील, बहुतेकांना १३०/८० च्या खाली सांगतात. मोजताना पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसवा, पट्टा उघड्या दंडावर आणि दंड छातीच्या पातळीत. आधी अर्धा तास चहा नको, मिश्री नको. मिनिटभराने दुसऱ्यांदा मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. आकडा चांगला आला म्हणून गोळी बंद करायची नाही, तो गोळीमुळेच चांगला आलेला असतो.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. यात लोणचं, पापड, फरसाण आणि कोकणात सुकी मासळीही धरायची. सुकट-बोंबील दोनदा धुऊन घेतले तरी मीठ बरंच उरतं. मिश्री मात्र कमी करून भागणार नाही, ती आजपासून बंदच.