मिशनरी सेवेतला साधा दिवस कसा जातो? (अनुभव धागा)

मागच्या रविवारी गुरुवार पेठेत, पंचहौद मिशनच्या देवळातली, म्हणजे चर्चमधली, उपासना आटोपून आम्ही चार-पाच जण चहाला थांबलो होतो. याच मिशनमधल्या 1890 सालच्या चहावरून टिळक-रानड्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण, आलं होतं, ती गोष्ट निघाली आणि बोलणं मिशनरी लोकांवर आलं. एक तरुण म्हणाला, "पण ही माणसं दिवसभर करतात काय?" माझे वडील पस्तीस वर्षं पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते, तरी मला पटकन सांगता आलं नाही. डोळ्यांसमोर आला तो त्यांचा सायकलचा पंप आणि रात्री कंदिलापाशी बसून लिहिलेली जमाखर्चाची वही.

म्हणून हा धागा. तुम्ही सेवेत असाल, अशा घरात वाढला असाल किंवा नुसते शेजारी असाल, तरी लिहा. धर्मांतर बरोबर की चूक, हा वाद इथे नको. मला दिवस वाचायचा आहे, उजाडल्यापासून दिवा मालवेपर्यंतचा.

वानवडीहून, एक नर्स

शिकले पुण्यात, पण सेवा घडली ती मलावीत, एका मिशन हॉस्पिटलात. चार वर्षं होते. सुरुवातीला कानावर सारखं 'मुली, मुली' पडायचं आणि मी वळून बघायचे. चिचेवा भाषेत 'मुली ब्वांजी' म्हणजे कसे आहात. आपण म्हणायचं, 'न्दिली ब्विनो, काया इनु?' मी बरी आहे, तुम्ही? एवढं झाल्याशिवाय तिथे कामाचं बोलत नाहीत. मी मात्र वॉर्डात शिरले की थेट 'कुठे दुखतंय?' एका आजीने, तिथे आगोगो म्हणतात, मला दोन दिवस उत्तरच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सोबतच्या नर्सने समजावलं. मग खाटेशेजारी गुडघ्यांवर बसून आधी विचारपूस केली. आगोगोंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि तेव्हा कुठे सांगितलं की नातवाला परवापासून जुलाब होताहेत. माझ्या घाईपायी त्या पोराचे दोन दिवस गेले. पोर बरं झालं, पण मला ते अजून लागतं.

दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. पेशंटचं जेवण नातेवाईकच करायचे, मागच्या शेडमध्ये तीन दगडांच्या चुलीवर. मक्याच्या पिठाची न्सिमा आपल्या उकडीहून बरीच घट्ट असते. हातानेच गोळा करायचा आणि पाल्याच्या कालवणात बुडवायचा. उसिपा नावाची सुकवलेली बारीक मासळी तव्यावर पडली की मला घरच्या सुकटीची आठवण यायची.

पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. जानेवारी-फेब्रुवारीत घरातला मका संपलेला, नवा अजून शेतात, आणि नेमका तेव्हाच मलेरिया. एकेका खाटेवर दोन-दोन मुलं. पापणी खाली ओढून बघायची. आत पांढरंफटक दिसलं की रक्त लागणार, आणि रक्त म्हणजे बाहेर बसलेला बाप किंवा मामा, तोही गट जुळला तर. प्रार्थना मी खूप केली, पण बहुतेक वेळा सलाइनसाठी शीर शोधता शोधता.

नगर रोडहून, पाळकांची पत्नी

सोळा वर्षांत पाच गावं झाली. ट्रंका मी कधी पूर्ण उघडल्याच नाहीत. लोकांना वाटतं, मिशन म्हणजे परदेशातला पैसा. आमचा पगार मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, वर्गणीतून यायचा. पीक बुडालं की तो तीन-तीन महिने रखडायचा आणि वाण्याच्या वहीत आमचं नाव चढायचं. अर्पणात ज्वारी यायची, अंडी यायची, कधी कोंबडीही. उपासना झाली की त्याचा लिलाव.

नगर जिल्ह्यातल्या एका गावात दफनाला जागाच नव्हती. आमच्या मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई वारल्या तेव्हा हे सकाळी तहसील कचेरीत गेले, ते चार वाजता हात हलवत परत आले. मे महिना, मयत घरात, बर्फ संपलेला. शेवटी गावातल्याच एका हिंदू शेतकऱ्याने बांधाकडची जागा दिली. खाली मुरूम. पहार आपटली की ठिणगी उडायची. खड्डा व्हायला रात्रीचे दहा वाजले, आणि खणणाऱ्यांत तो शेतकरीही होता. तो कधी देवळात आला नाही, आम्ही त्याला कधी बोलावलंही नाही. गाव सोडेपर्यंत दर नाताळला करंज्या-लाडवांचं पहिलं ताट मात्र त्याच्या घरी जायचं.

हडपसरहून

माझी पणजी 1896-97च्या दुष्काळात केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आली, आठ-नऊ वर्षांची असेल. पुढे ती तिथल्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायची. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल त्याच छापखान्यात, बायकामुलींच्या हातून छापलं गेलं. मी लहान असताना ती पंचाहत्तरीची होती. समोर बसलेल्या आजोबांच्या हातातला पेपर ती उलट्या बाजूने सरळ वाचायची. मिशनचं काय आठवतं, असं विचारलं की बोटांचं सांगायची. जेवायच्या आधी राखेने कितीही घासली तरी शिशाने काळीच राहायची म्हणे.

विमाननगरहून

मी ख्रिस्ती नाही. जवळच रामवाडीला पेपल सेमिनरी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू घडवणारी संस्था, आहे. ती 1955 साली श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आली. तिथे शिकणाऱ्या दोघांना मी वर्षभर मराठी शिकवलं. एक झारखंडचा, एक मिझोरामचा. 'ळ' जमेना, आणि त्याहून 'तू-तुम्ही' जमेना. रोज एका माणसाशी मराठीत बोलून यायचं, हा गृहपाठ. मिझोरामच्या मुलाने वॉचमनकाकांना 'तू' म्हटलं. चूक कळल्यावर तो परत गेला आणि म्हणाला, "काका, तुम्ही जेवलात का?" वाक्य एकदम शुद्ध! मला फार आनंद झाला.

वरचं 'मुली ब्वांजी' वाचून हे आठवलं.

पिंपरीहून

जमाखर्चाच्या वहीचं वाचलं म्हणून लिहितो. माझे वडील ख्रिस्ती प्रचारक होते. त्यांचा दिवस सगळ्यांचा होता, आमचा नव्हता. माझ्या दहावीच्या निकालादिवशी ते दवाखान्यात कुणा अनोळखी पेशंटच्या उशाशी बसले होते. त्या माणसाचं कुणी नव्हतं म्हणे. रात्री अकराला पेढ्यांचा पुडा घेऊन आले. मी झोपेचं सोंग घेतलं. आई उठवायला आली तरी उठलो नाही.

ते गेल्यावर वह्या मिळाल्या. त्या तारखेपुढे लिहिलंय: बसभाडं, दूध-बिस्किटं खाट नंबर सतरा, पेढे पाव किलो उधार. पुढच्या पानावर, दोन दिवसांनी, पेढ्यांचे पैसे चुकते. त्या वर्षीची वही तेवढी मी माझ्या कपाटात ठेवली आहे.