घोणशीच्या विषातल्या प्रथिनाचा अमिनो आम्लांचा अनुक्रम अर्धाच लागतोय, तातडीने मदत हवी

होटगी_रोड: घोणशीच्या विषातला १४ केडीएचा (किलोडाल्टन, रेणूचं वस्तुमान) फॉस्फोलिपेझ ए-२ हा प्रथिन-विकर वेगळा केला. तुकडे करायला ट्रिप्सिन (लायसिन-आर्जिनिनपाशी प्रथिन कापणारं विकर) १:५०, ३७ अंश, रात्रभर, मग तुकड्यांचं वस्तुमान मोजायला ऑर्बिट्रॅप मशीन. कव्हरेज (अनुक्रमाचा जुळलेला भाग) ३४ टक्के, मधला भाग गायब. पद्धत नेहमीचीच. सोमवारी पुण्याला परत मशीन मिळणार आहे, लवकर सांगा.

बाळीवेस: 'नेहमीची' म्हणजे कुठली? विरघळवलं कशात? डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन) किती अंशाला?

रसायन_८: १४ सिस्टीन (गंधकवालं अमिनो आम्ल) आहेत त्यात, जोडीजोडीने ७ डायसल्फाइड बंध. तुटलेले सिस्टीन झाकणाऱ्या आयोडोअसिटामाइडमुळे वाढणारे ५७.०२१ डाल्टन संगणकावरच्या शोधात टाकलेत का? नसतील तर सिस्टीनचा एकही तुकडा जुळणार नाही.

होटगी_रोड: टाकलेत की. ८ मोलर युरिया, १० मिलिमोलर डीटीटी, ५६ अंश, १ तास. सुरुवातीचा एसएलएलईएफजीके (अमिनो आम्लांच्या अक्षरांत लिहिलेला तुकडा) दोनदा येतो, एकदा ४३ ने जड. असिटिलेशन (असिटिल गट चिकटणं) धरून सोडून दिलं.

बाळीवेस: घोळ तिथंच आहे. असिटिल ४२.०११ चं असतं. तुमचं ४३.००६ असेल तर कार्बामिलेशन, म्हणजे युरियातून आलेला गट चिकटणं. युरिया तापला की सायनेट सुटतं, ते लायसिन या अमिनो आम्लाला चिकटलं की ट्रिप्सिन तिथं कापत नाही. या प्रथिनात लायसिन भरपूर, म्हणून लांबच लांब तुकडे उरले. युरिया त्याच दिवशी बनवा, डीटीटी ३० अंशाच्या आत द्या. मे महिन्यात आपल्याकडे उघड्या टेबलावर ठेवून चालणार नाही, एसीच्या खोलीत ठेवा.

विजापूर_नाका: युरियाचा नादच सोडा. प्रथिन उलगडायला त्याऐवजी ६ मोलर ग्वानिडीन घ्या, कार्बामिलेशनचा प्रश्नच मिटला.

रसायन_८: आणि ट्रिप्सिनचं काय? दाट ग्वानिडीनमध्ये ते कापत नाही. ग्वानिडीन १ मोलरच्या खाली आणायला २० मायक्रोलिटरचे १२० च्या वर करावे लागतील.

विजापूर_नाका: मग युरिया काय तसाच ८ मोलर ठेवता? पातळ तोही करावा लागतो, सी-१८ वर (तुकडे धरून क्षार धुवून काढणारा स्तंभ) धुणं दोन्हींना आहेच.

माळरान: घोणस चावली तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. अवयव हलवू न देता थेट सिव्हिलला न्या.

बाळीवेस: बरोबर आहे, पण इथं विष बाटलीत आहे. होटगी_रोड, आधी जुनीच फाइल परत शोधा: ४३.००६ लायसिनवर आणि एन-टोकावर (साखळीच्या सुरुवातीला), 'बदलता' म्हणजे असेल किंवा नसेल असा धरून. चुकलेले छेद (ट्रिप्सिनने न कापलेल्या जागा) ३ पर्यंत.

होटगी_रोड: केलं. ३४ वरून ५८ टक्के! नवा नमुना युरिया न तापवता लावतोय.

रसायन_८: अर्धा भाग कायमोट्रिप्सिनला (वेगळ्या जागी कापणारं विकर) द्या, दुसरीकडून कापलेले तुकडे एकमेकांवर येतील. ल्युसिन-आयसोल्युसिन मात्र वस्तुमानावरून ओळखू येणार नाहीत, दोन्ही ११३.०८४. पुण्याच्या मशीनवर ईटीएचसीडी (तुकडे फोडायची अशी पद्धत, जिने हे दोन वेगळे ओळखता येतात) आहे का?