स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे मिक्सिंग करताना ऐकायचे स्पीकर, दुकानात ऐकून निवडू नयेत, असं माझं मत आहे. खोडून काढा.

सहावा मजला

भाच्याला पहिली मॉनिटरची जोडी घ्यायची आहे. तो शास्त्रीय गातो, पट्टी काळी 1. घरीच रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतो, तबल्यावर मित्र असतो. ठाण्यात फ्लॅट, खोली 8 बाय 10. यादीत यामाहाचा एचएस5, ॲडमचा टी5व्ही, जेबीएलचा 305पी मार्क 2 आणि बजेट ताणून एचएस7. शनिवारी दुकानात जाऊन चारही ऐकू आणि आवडेल ती जोडी उचलू, असा त्याचा बेत. मी म्हटलं, आधी टेप घे आणि खोली मोज. त्यावरून जे पेटलं ते इथे आणतोय.

माझा मुद्दा असा. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर. त्याला खोलीच्या बाजूच्या दुपटीने भागलं की ती खोली कुठल्या स्वराला घुमणार ते कळतं. 8 फूट म्हणजे 2.44 मीटर, उत्तर येतं 70 हर्ट्झ. 10 फुटाचं 56. आता काळी 1 चा मध्य षड्ज 138.6 आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, 69.3. म्हणजे बिल्डरने नकळत खोलीची रुंदी खर्जाच्या तारेला लावून दिली आहे! भिंतीपाशी उभं राहिलं की तो स्वर घुमणार. आणि आपण मॉनिटरसमोर बसतो बरोबर मध्यावर, जिथे या घुमाऱ्याचा दाब जवळजवळ शून्य असतो. खुर्चीत बसलेल्याला खर्ज कमी वाटतो, तो फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर ढकलतो, आणि मग तेच गाणं गाडीत लावलं की दरवाजे थरथरतात. हे चारही मॉनिटरांत होणार. दुकानात एकातही कळणार नाही.

दुकानातला निवाडा हा साडीच्या दुकानातल्या दिव्याखाली रंग ठरवण्यासारखा आहे. तिथे भिंतभर स्पीकर रचलेले, एसी चालू, आणि विक्रेता जो विकायचाय तो किंचित मोठा लावतो. एक डेसिबल मोठं असलेलं आपल्याला "मोठं" वाटत नाही, "चांगलं" वाटतं.

म्हणून तुलना करायची ती मागच्या बाजूची. एचएस5 ला 500 हर्ट्झच्या खालचा भाग 2 किंवा 4 डेसिबलने उतरवायचं बटण आहे, भिंतीजवळ ठेवणाऱ्याला ते लागतंच. पोर्ट, म्हणजे पेटीचं हवेचं भोक, मागे आहे का, पुढे? इनपुट कोणते? टी5व्हीला एक्सएलआर आणि आरसीए आहे, टीआरएस नाही, म्हणजे इंटरफेसपासूनची (माईक आणि स्पीकर लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीपासूनची) केबल त्या हिशेबाने घ्या. गाणं बंद असताना ट्वीटरमधून (वरचे सूर देणाऱ्या छोट्या स्पीकरमधून) हिस येतो का? हे कागदावर आणि शांत खोलीत ठरतं. चवीचा प्रश्न नंतर.

जुना साउंडवाला

गणित बरोबर, निष्कर्ष अर्धा. खोलीचं राज्य साधारण 200-300 हर्ट्झच्या खाली. त्याच्या वर राज्य स्पीकरचं. तुमचा भाचा गातो कुठे? मंद्र आणि मध्य सप्तकाचा मध्यमापर्यंतचा भाग सोडला तर बाकी गळा त्या रेषेच्या आसपास आणि वर. शब्द कळणं, "स" आणि "श" टोचणं, तबल्याच्या चाटीचा कडकपणा, पेटीचा नाकातला सूर, हे सगळं एक हजार ते आठ हजारात. तिथे ॲडमची घडीची पट्टी असलेला ट्वीटर आणि यामाहाचा 1 इंची डोम यांत जो फरक आहे तो दुकानातल्या गोंगाटातही ऐकू येतो. माझ्या कानाला एचएसचा मधला भाग पुढे येऊन उभा राहतो. गळ्यातली चूक लपवत नाही, पण तासभराने थकवतो. टी5व्ही वरून उघडा आहे, त्यावर काम करणारे कधी कधी वरचा भाग नको तितका मऊ करून ठेवतात. हे कुठल्या बटणावर वाचणार तुम्ही?

आणि ऐकायला जाताना स्वतःचं रेकॉर्डिंग न्या. त्यातल्या चुका आपल्याला पाठ असतात. दुकानदाराचं डेमो गाणं कशावरही गोडच वाजतं.

पट्टीचा माणूस

मला दोघांचंही पटत नाही. कागदच बघायचा तर नीट बघा. एचएस5 वर "54 हर्ट्झपासून" लिहिलेलं असतं, पण तो आकडा आवाज 10 डेसिबल खाली गेल्यावरचा. 3 डेसिबलचा आकडा यामाहा स्वतःच देते: 74. म्हणजे 69 चा खर्ज उतारावर लागलाच. एचएस7 चा तोच आकडा 55. जेबीएल 305पी अधिक-उणे 3 डेसिबलमध्ये 49 देते, आणि तोही 5 इंचीच. तेव्हा "5 इंची बरा की साडेसहा इंची" हा वादच फोल. कोणी आकडा कुठल्या मापाने छापलाय ते पाहा, दोन कंपन्यांचे आकडे एका मापावर आणा, मग बोला.

माझं मत एचएस7. डग्गा ऐकायचाय ना? मींड घेताना डग्ग्याचा तळ जातो कुठे, हे न ऐकता मिक्स करणं म्हणजे अंदाजपंचे.

सहावा मजला

@पट्टीचा माणूस, डग्ग्याचं मान्य. खर्जाचं नाही. तानपुऱ्यात जवारीमुळे (घोडीला तार हलकेच घासून येणाऱ्या गुंजनामुळे) वरचे स्वरच इतके भरभरून येतात की 69 चा मूळ घटक त्यामानाने दुबळा असतो. कान तो वरच्यांवरून भरून काढतो. खर्जाच्या तारेतला स्वयंभू गंधार पाचव्या पटीत, म्हणजे 346 हर्ट्झच्या आसपास. तो एचएस5 वर सरळ ऐकू येतो. न आला तर दोष तानपुऱ्याचा किंवा माईकच्या जागेचा.

आणि 8 बाय 10 मध्ये एचएस7 घेऊन खालचा सूर जास्त सोडला की 56 आणि 70 चे घुमारेही जास्त जागे होणार. शेजारी आहेत, खाली पाचवा मजला आहे.

@जुना साउंडवाला, दुकानात ट्वीटरचा फरक कळतो म्हणता, पण रॅकवरचे अर्धे ट्वीटर कानाच्या उंचीवर नसतात. गुडघ्याशी ठेवलेला टी5व्ही आणि नाकासमोरचा एचएस5, ही तुलना?

जुना साउंडवाला

मग खाली बसून ऐका! मी तेच करतो, दुकानदार बघत राहतो.

व्हॉइसवाली

मी ऑडिओबुकं वाचते, घरूनच. माझा प्रश्न मुळावर आहे: या खोलीत मॉनिटर हवेतच कशाला? सेनहायझर एचडी 600 सारखा उघड्या पाठीचा हेडफोन 1997 पासून बाजारात आहे. खोली नाही, घुमारा नाही, सोसायटीची तक्रार नाही, रात्री 11 ला काम करता येतं. मॉनिटर, स्टँड, केबली, भिंतीला आवाज शोषणारं रॉकवूल, सगळं धरलं तर भाच्याचं बजेट केव्हाच उडालं. माझ्या एकट्या आवाजाला ही उठाठेव नको.

बाईंच्या आवाजासाठी तर वरचा निम्मा वाद गैरलागू आहे हेही सांगते. काळी 4 ला खर्जाची तार 104 वर येते, तिला कुठलाही 5 इंची पुरतो. तुम्ही सगळे एका पुरुषी पट्टीभोवती फिरताय.

पट्टीचा माणूस

काळी 4 चा मुद्दा चोख. पण हेडफोनमध्ये डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानात जात नाही. तानपुरे दोन बाजूंना, तबला किंचित उजवीकडे, अशी मांडणी हेडफोनवर भलतीच फाकलेली वाटते, म्हणून आवरून घेतली जाते आणि स्पीकरवर आखडलेली निघते. आणि गायक मध्ये कपाळाच्या आत बसतो. एका आवाजाच्या वाचनाला हेडफोन पुरेल, मैफलीला नाही. तिहाई तोडायला, श्वास साफ करायला हेडफोन, हे मी पण करतो.

व्हॉइसवाली

मैफल ऐकणारे निम्मे लोक फोनवर इयरफोन लावून ऐकतात. ते आतच ऐकतात. त्यांच्यासाठी मिक्स नको का?

कोकणी कान

इतका काथ्याकूट कशाला? एचएस घ्या आणि मोकळे व्हा. पांढऱ्या कोनचे ते यामाहाच्याच जुन्या एनएस-10 स्पीकरचे वंशज, जगभरच्या स्टुडिओंनी वर्षानुवर्षं त्यावर काम केलं. ज्यावर इतकी गाणी झाली ते आपल्याला पुरे.

जुना साउंडवाला

वंशज रंगापुरतेच हो. एनएस-10 आला 1978 ला, घरातल्या हाय-फायसाठी. तिथे चालला नाही, मग स्टुडिओवाल्यांनी उचलला, आणि 2001 ला बंद झाला. तो बंद पेटीचा, आत ॲम्प्लिफायर नाही. एचएस5 पोर्टचा, आत दोन ॲम्प्लिफायर, वूफरला (खालचे सूर देणाऱ्या मोठ्या स्पीकरला) 45 वॉट, ट्वीटरला 25. पेटीच वेगळी तर तळाचा स्वभाव वेगळा. एनएस-10 चा ट्वीटर टोचतो म्हणून लोक त्यावर टिश्यू पेपर चिकटवत, हेही त्या "पुरे" मध्ये धरा.

कोकणातले असाल तर तुम्हाला वेगळंच विचारतो: पावसाळ्यात वूफरच्या कडा बघता का? जुन्या स्पीकरांच्या फोमच्या कडा दमट हवेत भुगा होतात. जुनी जोडी घेत असाल तर बोटाने हलकेच दाबून बघा. नव्यात रबर असेल तर काळजी नाही.

कोकणी कान

ते खरं. आमच्याकडे अर्थिंगचाही ताप. लॅपटॉपचा चार्जर लावला की मॉनिटर गुणगुणायचे.

सहावा मजला

तिसरी पिन काढू नका म्हणजे झालं, लोक सर्रास काढतात आणि ते जिवावरचं आहे. सगळं एकाच बोर्डावर लावा, इंटरफेसपासून बॅलन्स्ड (बाहेरची गुणगुण कापणारी) केबल वापरा. बहुतेक वेळा गुणगुण तिथेच थांबते. थांबली नाही तर इलेक्ट्रिशियन बोलवा, नवा मॉनिटर नको.

जुना साउंडवाला

मूळ वादाकडे. तुमचा आक्षेप "दुकानात" या शब्दावर असेल तर मी म्हणतो, दुकान सोडा, पण ऐकणं सोडू नका. स्पीकरांचे संशोधक फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे हर्मनमध्ये पडद्याआड स्पीकर ठेवून लोकांना ऐकवले. ब्रँड दिसत नसला की लोकांची पसंती बऱ्यापैकी जुळते. आणि जोडीपेक्षा एकच स्पीकर मोनोमध्ये ऐकताना फरक जास्त पकडता येतो. तेव्हा ओळखीच्यांकडून किंवा परत घेणाऱ्या दुकानातून दोन प्रकारांचा एकेक नग घरी आणा. एकाच जागी, ट्वीटर कानाच्या उंचीला, आळीपाळीने. पिंक नॉइज (तपासणीसाठीचा एकसंध खळखळाट) लावून खुर्चीतून फोनच्या ॲपने दोघांची पातळी सारखी करा. ॲप अचूक नसेना, दोघांना एकसारखंच चुकतं. कुठला चालू आहे ते भाच्याला सांगू नका.

सहावा मजला

हर्मन म्हणजे जेबीएलचीच मालक कंपनी. बरं आहे. 😄

पण हे चालेल. त्याच्याच खोलीत, त्याच्याच खुर्चीत, पातळी जुळवून: यावर माझी हरकत नाही. फक्त हे ऐकणं 300 च्या वरच्या निकालासाठी धरा. खालचा निकाल मोजूनच. खोलीचा आवाज मोजायचं आरईडब्ल्यू सॉफ्टवेअर फुकट मिळतं, मोजायचा माईक कुणाचा तरी उसना आणता येतो. आणि मोजून झाल्यावर 4 इंची रॉकवूल कोपऱ्यांत, अंड्याचे ट्रे नव्हेत. ट्रेने तळाचं काहीही शोषलं जात नाही.

पट्टीचा माणूस

सगळे 70 हर्ट्झवर रडताय आणि टेबल कुणी हलवत नाही! मॉनिटर 8 फुटी भिंतीला ठेवले म्हणून भाचा रुंदीच्या मध्यावर अडकला. टेबल फिरवा. मॉनिटर 10 फुटी भिंतीला, तोंड 8 फुटांच्या दिशेने. आता मध्य येतो तो 56 चा, त्यावर याचा कुठलाच मुख्य स्वर नाही. आणि 70 चा घुमारा समोर-मागे गेला: 4 फुटांवर शून्य, पण खुर्ची 3 वर आणली की थोडा, भिंतीकडे गेलात की भरपूर. खर्ज किती हवा ते खुर्ची सरकवून ठरवता येईल. मग एचएस7 ची भीतीही निम्मी.

जुना साउंडवाला

असं केलं की डोक्यामागची भिंत जवळ येते ना. तिथून परतून येणारा आवाज गळा गढूळ करेल. पुस्तकात लांबीच्या दिशेनेच बसा म्हणतात ते उगाच नाही.

पट्टीचा माणूस

पुस्तकातली खोली 8 बाय 10 नसते. मागे 4 इंची रॉकवूल, आणि खर्ज हातात राहतो.

सहावा मजला

भाच्याला विचारलं. म्हणतो, त्या मागच्या भिंतीला आजीचं लाकडी कपाट आहे, हलणार नाही.

पट्टीचा माणूस

आत काय आहे? गोधड्या असतील तर दारं उघडी ठेवून मोजा आणि आलेख इथे टाका. एचएस7 की 5, ते त्यावर भांडू.