क्लोरीन नको म्हणता, मग पाणी कोण राखणार?

गोदाकाठचा, पैठण
शेतातल्या पर्यटन केंद्रावर पोहायचा तलाव बांधायलोय, बिनाक्लोरीनचा. ऑस्ट्रियात १९८० च्या दशकापासून असे तलाव आहेत. एका भागात पोहायचं, दुसऱ्यात खडी, कर्दळ, पाणकणीस. पंप पाणी फिरवत राहतो. खडीवर धरलेला जिवाणूंचा बुळबुळीत थर घाण खातो. आपण विहिरीत मुटके मारतच मोठे झालो, कोण मेलं? शहरातल्या तलावात तासाभरात लेकरांचे डोळे लाल होतात.

लॅबवाली
डोळे झोंबतात ते क्लोरामाइननं. क्लोरीनमध्ये घाम आणि लेकरांनी पाण्यातच उरकलेली लघवी मिसळली की ते तयार होतं. तुमचं पाणी खडीतून फिरून यायला तास न् तास लागणार. तोवर जुलाब झालेलं एक पोरगं उतरलं तर शेजारच्याच्या तोंडात काय जाईल? क्लोरीन बरेचसे जंतू जागच्या जागी मारतं. कर्दळ नाही मारत. जंतू मारणारा यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा लावा, पण त्याच्यासमोरून जाईल तेवढंच पाणी शुद्ध. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल (क्लोरीनची पावडर) टाकते ते हौस म्हणून नाही.

बारववेडा, परभणी
'कोण मेलं' म्हणे! नारू विसरलात का? आजीच्या पायातून निघालेला जंत काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचे. बारवेत पाय बुडवून घागर भरायची, तेच पाणी प्यायचं. २००० साली कुठं देश नारूमुक्त जाहीर झाला.

गोदाकाठचा
नारू पाणी पिऊन व्हायचा, पोहून नाही. विषय भरकटवू नका.

बारववेडा
आणि मुटका मारताना तोंड शिवून घेता वाटतं?

शेततळेवाला, लातूर
मी गोदाकाठच्या बाजूनं, पण पोळून निघालेला. पहिल्याच पावसात शेजारच्या उसातलं डीएपी, म्हणजे फॉस्फरसचं खत, वाहून आलं आणि आठ दिवसांत तळं मेहंदीसारखं हिरवं. फॉस्फरस पोचला की शेवाळ आवरत नाही. आधी बांधाला चर काढा, कर्दळ मग. पायऱ्यांवरचं शेवाळ मी अजून दर आठवड्याला खराट्यानं घासतो.

लॅबवाली
लंडनच्या किंग्ज क्रॉसला असं तळं होतं. तिथं दिवसाला १६३ माणसांनाच प्रवेश, तोही तिथल्या थंड हवेत. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२ वर. तुमच्याकडं रविवारी किती येतात?

गोदाकाठचा
दोनशेच्या वर. बरं, शंभरावर तिकीट बंद करतो, आत जाण्याआधी साबण लावून अंघोळ सक्तीची. क्लोरीन मात्र टाकणार नाही.

लॅबवाली
हे पटलं. पण रविवारचा नमुना सोमवारी लॅबला दिला तर ई-कोलायचा (विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूचा) निकाल मंगळवार-बुधवारी येतो. तोवर ते शंभर जण घरी पोचलेले असतात.