प्रतिसाद: स्वस्त मिळतंय, पण कोणाच्या जिवावर?

बांगलादेशातून येणाऱ्या तयार कपड्यांच्या चर्चेत एका भाऊंनी विचारलंय, "ग्राहकाला स्वस्त मिळतंय, मग बिघडलं कुठे?" म्हापशात आमचं शिलाईचं दुकान आहे, म्हणून लिहितो.

चवथीच्या आधी एक गिऱ्हाईक शुक्रवारच्या बाजारातला शर्ट घेऊन आलं, बाह्या आखूड करायला. उलटा केला तर आत 'मेड इन बांगलादेश'. टीप सरळ, ओव्हरलॉक स्वच्छ, काजं नीट. खोट काढायला जागा नव्हती! त्याने सांगितलेल्या किमतीत माझी नुसती शिलाईही निघत नाही.

याला फक्त तिथली मजुरी कारण नाही. २०११ मध्ये आपण बांगलादेशच्या तयार कपड्यांवरचं मूळ सीमाशुल्क काढलं. २०१७ ला जीएसटी आला तेव्हा आयातीवरचं प्रतिकारी शुल्कही (देशी मालावरच्या उत्पादन शुल्काची बरोबरी करायला लावलेला जादा कर) गेलं. त्याच्या जागी आलेल्या आयजीएसटीची (आयातीवर भरायचा जीएसटी) व्यापाऱ्याला पुढच्या करातून वजावट मिळते. आणि या कपड्यांचं कापड पुष्कळदा चीनचं! तेच कापड तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या कपडे कारखानदाराने इथे विकायच्या कपड्यांसाठी थेट मागवलं तर त्याला शुल्क भरावं लागतं. म्हणजे शिवणाऱ्याला भुर्दंड, शिवलेलं आणणाऱ्याला सूट.

मे २०२५ मध्ये सरकारने हे कपडे जमिनीवरच्या नाक्यांवरून आणणं बंद केलं, आता फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता बंदरांतून. त्याने वेळ आणि भाडं वाढतं, शुल्क तसंच.

माझ्याकडे आता नवीन शिवणं कमी, उसवणं जास्त. पोरगा म्हणतो, पाटीवर 'आल्टर' एवढंच लिहू.